रात्री ठणकणारा खुबा आणि तरफेचा नियम

रात्रीचे दोन वाजले असतील. मधल्या खोलीतला दिवा लागला आणि पाठोपाठ काठीचा आवाज ऐकू आला. मी उठून पाहिले, तर आई अंथरुणावरून उठून येरझाऱ्या घालत होती. आईचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. गेले चार-पाच महिने तिचा उजवा खुबा दुखत होता. दिवसा ती घरातली कामे करी, दारात बसून भाजी निवडी, कोणी विचारले तर "चालायचंच, वय झालं" म्हणे. रात्री मात्र दुखणे तिला झोपू देत नसे.

"काय झालं आई?" मी विचारले.

"काय व्हायचंय बाबा? उजव्या कुशीवर पडलं की खुबा ठणकतो, म्हणून डाव्या कुशीवर वळले. तर तरीबी ठणकतोच. आता तूच सांग, डाव्या कुशीवर झोपल्यावर उजवा खुबा कशाला दुखावा? त्याच्यावर तर कशाचाच भार नाही की!"

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न बिनतोड होता. मी माजलगावात महाविद्यालयीन मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. बल, दाब, तरफ ह्यांवर फळेच्या फळे भरले आहेत. पण आईच्या ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आणि आणखी एक गोष्ट मला त्या रात्री प्रथमच दिसली. ती काठी उजव्या हातात धरून चालत होती. दुखरा खुबा उजवा आणि काठीही उजव्याच हातात. हे चूक आहे, हे तरफेचा धडा शिकवणाऱ्या माणसाच्या चार-पाच महिने ध्यानात येऊ नये, ह्याची मला लाज वाटली.

त्यानंतर मी जे वाचले, अस्थिरोगतज्ज्ञांना विचारले आणि वहीवर गणित करून पाहिले, ते तुम्हांला सांगतो. तुमच्याही घरी आजी-आजोबा असतील. वही-पेन्सिल जवळ ठेवा, कारण थोडे गणित आहे.

आधी खुबा म्हणजे नेमके काय ते पाहू. आपण बोलताना कंबर, खुबा, मांडी हे शब्द सैलपणे वापरतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कटीच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत बसते. हा झाला खुब्याचा सांधा. तो बराच आत, जांघेच्या मागे असतो. आता उभे राहून पँटच्या खिशाच्या खाली, बाजूला तळहाताने चाचपून पाहा. एक टणक उंचवटा हाताला लागेल. तो सांधा नव्हे. मांडीच्या हाडाचाच तो बाहेर आलेला भाग आहे. कटीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू आपल्या दोरीसारख्या चिवट टोकांनी, म्हणजे कंडरांनी, ह्या उंचवट्याला जोडलेले असतात.

हा भेद महत्त्वाचा आहे. सांध्याचीच झीज झाली असेल तर दुखणे बहुधा जांघेत जाणवते, कधी कधी तर गुडघ्यात. दुखणे मागे ढुंगणात असेल आणि पायातून खाली पोटरीपर्यंत उतरत असेल, तर मूळ पुष्कळदा पाठीच्या कण्यात असते. आणि बाहेरच्या उंचवट्यावर बोट ठेवून "इथं दुखतं" असे कोणी म्हणत असेल, तर बहुतेक वेळा तक्रार ह्या कंडरांची असते. पूर्वी असे मानीत की उंचवट्याजवळच्या द्रवाच्या पिशवीला सूज आल्यामुळेच हे होते. आता मुख्य दोष कंडरांकडे जातो असे दिसून आले आहे. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत हे दुखणे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. आईने बोट ठेवले ते नेमके ह्याच उंचवट्यावर.

आता तरफेकडे वळू. दोन पायांवर उभे असताना दोन्ही खुबे भार वाटून घेतात, त्याची चिंता नाही. पण चालताना प्रत्येक पावलाला थोडा वेळ आपण एकाच पायावर उभे असतो. समजा, बाईचे वजन ६० किलो आहे आणि ती उजव्या पायावर उभी आहे. एका पायाचे वजन शरीराच्या सुमारे सहाव्या भागाएवढे, म्हणजे १० किलो. तेव्हा उजव्या खुब्यावर तोलायचे राहिले ५० किलो. (येथे मी किलो हे बलाचे माप म्हणून वापरीत आहे. न्यूटनमध्ये हवे असेल तर १० ने गुणा.) हे ५० किलो खुब्याच्या बरोबर वर नसतात, तर शरीराच्या मध्याजवळ, सांध्यापासून साधारण १० सेंटिमीटर डावीकडे असतात. त्यामुळे धड डाव्या बाजूला कलंडू पाहते. त्याला उजवीकडून खाली ओढून धरणारे कोण? तेच बाहेरचे स्नायू. त्यांचे अंतर सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर.

ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. टेकू मध्ये, एका बाजूला भार, दुसऱ्या बाजूला बल. भारभुजा १० आणि बलभुजा ५. तेव्हा

स्नायूंचे बल = ५० × १० ÷ ५ = १०० किलो.

आणि टेकूवर, म्हणजे सांध्यावर, दोन्ही मिळून १०० + ५० = १५० किलो! माणूस ६० किलोचा आणि एका खुब्यावर दीडशे किलो, म्हणजे वजनाच्या अडीच पट. खरे स्नायू थोडे तिरके ओढतात, त्यामुळे उत्तर काटेकोर नाही. पण ते फार चुकीचेही नाही, हे पुढे कळेल.

स्नायूंना आपण उचलतो त्या भारापेक्षा कितीतरी मोठे बल लावावे लागते, हे इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्ली ह्यांनी प्राण्यांच्या हालचालींवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. पण खुब्यावरचा भार प्रत्यक्ष मोजायला विसावे शतक उजाडावे लागले. बर्लिन येथे गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम खुबा बसवलेल्या रुग्णांच्या त्या खुब्यातच बल मोजणारी छोटी उपकरणे ठेवली. उपकरण आतून बिनतारी संदेशाने आकडे पाठवी. २००१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे : ताशी ४ किलोमीटर वेगाने चालताना सरासरी भार वजनाच्या २.३८ पट, जिना चढताना २.५१ पट, उतरताना २.६० पट. आपले वहीवरचे अडीच आठवा! आणि त्यांच्या एका रुग्णाचा पाय अडखळला तेव्हा तो भार आठ पटींच्याही वर गेला होता. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता काठी. दुखरा खुबा उजवा आहे, तर काठी डाव्या हातात दिली. डावा हात उजव्या खुब्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर असतो. समजा काठीवर फक्त ६ किलो भार टाकला. काठी हाताला तेवढ्याच बलाने वर ढकलते. धडाला डावीकडे कलंडवणारे परिबल होते ५० × १० = ५००. काठीचे उलट परिबल ६ × ४० = २४०. उरले २६०. स्नायूंना आता २६० ÷ ५ = ५२ किलोच बल लावावे लागेल. सांध्यावर भार ५२ + ५० − ६ = ९६ किलो. कुठे १५० आणि कुठे ९६! सहा किलोंच्या मोबदल्यात चोपन्न किलोंची सुटका. अशी सवलत बाजारात कुठे मिळत नाही.

हीच काठी उजव्या हातात धरली तर? उजवा हात सांध्यापासून सुमारे २० सेंटिमीटर, पण उलट बाजूला. काठी तिथे वर ढकलते म्हणजे धडाला आणखीच डावीकडे कलंडवते. परिबल ५०० + १२० = ६२०, स्नायूंचे बल १२४, सांध्यावर १६८ किलो. काठी नव्हती त्यापेक्षा जास्त! तुम्ही म्हणाल, मग इतके लोक दुखऱ्या बाजूलाच काठी का धरतात? त्यांना काहीच का आराम वाटत नाही? वाटतो. कारण ते काठीवर सगळे अंग झुकवतात. धड उजवीकडे आले की १० सेंटिमीटरची भारभुजा आखूड होते. पण मग चाल डुलती, पाठीचा कणा वाकडा, आणि काठी सटकली तर पडण्याचा धोका.

अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट ह्यांनी १९५६ साली ह्याच विषयावर लेख लिहिला आणि त्याचे नावच "काठी टाकून देऊ नका" अशा अर्थाचे ठेवले. काठी म्हणजे म्हातारपणाची खूण म्हणून लोक ती टाळतात, ही त्यांची तक्रार होती. ती आपल्याकडेही लागू आहे.

ह्याच गणिताची आणखी एक गंमत आहे. बाजारातून ५ किलोंची पिशवी आणायची आहे. ती कोणत्या हातात धरावी? आपण साहजिकच चांगल्या बाजूला धरतो. आता करा हिशेब. पिशवी डाव्या हातात : परिबल ५०० + २०० = ७००, स्नायूंचे बल १४०, सांध्यावर १४० + ५५ = १९५ किलो. पिशवी उजव्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात : परिबल ५०० − १०० = ४००, स्नायूंचे बल ८०, सांध्यावर १३५ किलो. रिकाम्या हाताने चालण्यापेक्षाही कमी! माझा स्वतःचा ह्यावर विश्वास बसायला दोनदा गणित करावे लागले. तेव्हा काठी विरुद्ध हातात आणि पिशवी त्याच बाजूच्या हातात. (म्हणून उजव्या हातात दहा किलोंचे पीठ देऊन आजीला गिरणीतून आणायला पाठवू नका, म्हणजे झाले.)

हे झाले दिवसाचे. पण रात्री तर आपण आडवे असतो. तरफ नाही, तोल नाही. मग दुखणे रात्रीच का वाढावे?

थोडे कारण शरीराच्या घड्याळात आहे. सूज आवरून धरणाऱ्या कॉर्टिसॉल ह्या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. दिवसा मन कामात, बोलण्यात गुंतलेले असते, रात्री ते दुखण्याजवळच बसून राहते. पण आईच्या प्रश्नाचे उत्तर ह्यात नाही. ते दाबात आहे आणि दोरीत आहे.

दाबाचा प्रयोग तुम्ही घरी करू शकाल. आमच्याकडे घराच्या कामासाठी सिंदफणेची वाळू आणून टाकलेली होती. ती चाळून अंगणात वीतभर जाडीचा सपाट थर केला, वर जुने लुगडे अंथरले आणि माझ्या मुलाला एक मिनिट उताणे निजवले. तो उठल्यावर पाहिले तर पाठीचा, ढुंगणाचा आणि टाचांचा उथळ ठसा. मग वाळू सारखी करून त्याला कुशीवर निजवले. ह्या वेळी दोनच ठळक खड्डे पडले, एक खांद्याचा आणि दुसरा खुब्याचा. खुब्याखालचा खड्डा सर्वांत खोल. वाळूने जे दाखवले तेच खुब्यावरची कातडी आणि कंडरा रात्रभर सोसतात. फक्त कठीण जमीन वाळूसारखी बाजूला सरत नाही, म्हणून मार सगळा शरीरालाच.

आकड्यांत पाहू. समजा कुशीवर असताना कमरेजवळचे १५ किलो वजन खुब्याच्या उंचवट्याभोवतीच्या ७५ चौरस सेंटिमीटरवर पडले. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम. आपल्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब साधारण ३० मिलिमीटर पारा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० ग्रॅम असतो. (पाऱ्याची घनता १३.६ घेऊन पडताळून पाहा.) बाहेरचा दाब ह्याहून बराच जास्त झाला की त्या जागेचा रक्तपुरवठा अडतो. निरोगी माणूस म्हणूनच झोपेत नकळत कितीदा तरी कूस बदलतो. ज्याला कूस बदलतानाच कळ येते, तो जागा होतो. तेच १५ किलो ३०० चौरस सेंटिमीटरवर पसरले तर दाब ५० ग्रॅमवर येतो. हे पसरवण्याचे काम गादी करते.

आई आयुष्यभर जमिनीवर सतरंजी टाकून झोपत आली. कठीण अंथरूण पाठीला चांगले, अशी तिची समजूत. उलट शेजारच्यांनी बाज आणून दिली. बाजेवर क्षेत्रफळ वाढते हे खरे, पण सुंभ सैल असेल तर शरीर मध्ये झोळीसारखे खाली जाते आणि कूस बदलायची म्हणजे प्रत्येक वेळी चढण चढायची. दुखऱ्या माणसाला ती चढण नको वाटते. शेवटी जमले ते असे : खाली घट्ट पिंजलेल्या कापसाची गादी आणि तिच्यावर घडी घातलेली जाड वाकळ. वरून मऊ, खालून घट्ट.

हा झाला दुखऱ्या कुशीवर झोपण्याचा प्रश्न. पण आईचा खरा प्रश्न दुसऱ्या कुशीचा होता. डाव्या कुशीवर झोपल्यावर उजवा खुबा का दुखावा?

तुम्ही स्वतः डाव्या कुशीवर झोपून पाहा. वरचा उजवा पाय काय करतो? तो पुढे सरकतो आणि गुडघा खाली अंथरुणाला टेकतो. म्हणजे मांडी शरीराच्या मध्यरेषेच्या पलीकडे ओघळते. पायाचे वजन दहा किलो, ते सगळे खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ताण देत लोंबत असते. आता आडावरचा रहाट डोळ्यांपुढे आणा. दोर रहाटावरून सरळ गेला तर तो लाकडाला फारसा दाबत नाही. तो जितका जास्त वळतो आणि जितका जास्त ताणला जातो, तितका लाकडात रुततो. जुन्या रहाटांवर दोराच्या खाचा पडलेल्या असत त्या ह्यामुळेच. मांडी आत ओघळली की बाहेरच्या कंडरा आणि मांडीच्या बाहेरून जाणारा चिवट पट्टा हाडाच्या उंचवट्यावरून असेच वळून ताणले जातात आणि त्यावर दाबले जातात. वरून भार एक गुंजभर नाही, पण आतल्या आत पिळवणूक चालू. आईने विचारलेला तो भार बाहेरून येतच नव्हता, तो तिच्याच पायाचा होता.

उपायही मग दोराच्याच हिशेबाने सुचतो. दोराचे वळण कमी करा. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवली की वरची मांडी ओघळत नाही. मात्र उशी चांगली जाड हवी आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांब हवी. नुसती गुडघ्यात उशी ठेवली तर पाऊल खाली लोंबते आणि मांडी पिळली जाते. उताणे झोपणे जमत असेल तर गुडघ्यांखाली लोड ठेवावा. दिवसाही पायावर पाय टाकून बसणे, एकाच पायावर भार टाकून खुबा बाहेर काढून उभे राहणे टाळावे, कारण तिथेही तेच वळण पडते. पाण्याची घागर कमरेवर घेतलेली बाई डोळ्यांपुढे आणा, अगदी तोच आकार. आईने तरुणपणी आडावरून अशा कितीतरी घागरी आणल्या. पण तेवढ्यावरून घागरीवर दोष ठेवायला मी तयार नाही. घागर कधी न उचललेल्या बायकांनाही हे दुखणे होते.

अंबाजोगाईला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले, त्यांनी तपासून सांधा ठीक असल्याचे सांगितले आणि व्यायाम शिकून घ्यायला पाठवले. व्यायाम ऐकून आई नाराज झाली. "दुखतंय म्हणून आले, आणि हे आणखी हलवायला सांगतेत!" असे तिचे म्हणणे. पण ह्या बाबतीत चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात ह्याच दुखण्याच्या २०४ रुग्णांचे तीन गट करून तुलना केली होती, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला कसे बसावे, उभे राहावे, झोपावे हे समजावून व्यायाम शिकवले. दुसऱ्याला सूज उतरवणारे इंजेक्शन दिले. तिसऱ्याला धीर धरायला सांगितले. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात सुमारे ७७ टक्के, दुसऱ्यात ५८ टक्के आणि तिसऱ्यात २९ टक्के लोकांनी बरे वाटत असल्याचे सांगितले. कंडरा ही जिवंत दोरी आहे. बेताबेताने भार वाढवत नेला तर ती घट्ट होते, अगदीच भार काढून घेतला तर कमकुवत. ओढून ताणण्याचे व्यायाम मात्र ह्या दुखण्यात नकोत. कारण तुम्ही आता सांगू शकाल.

दुकानातून मागून आणलेली वेदनाशामक गोळी आई रोज रात्री घेत होती, हे मला फार उशिरा कळले. कोणीतरी "घेत जा, काही होत नाही" असे सांगितले होते. अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडांना इजा पोहोचते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी कोणत्या गोळ्या आहेत, हे तुम्ही मुलांनी पाहावे. तुम्हांला त्या दाखवतील, आम्हांला लपवतात.

आता ज्यांच्या सांध्याचीच झीज झाली आहे त्यांचे काय? आपल्याकडे खुब्यापेक्षा गुडघ्याची झीज जास्त दिसते, तरी खुब्याचीही होतेच. निरोगी खुबा हे यंत्रशास्त्राला लाजवील असे बेअरिंग आहे. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये संधिद्रवाचे वंगण. घर्षणांक ०.०१ च्या आसपास. दिवसाला ५,००० पावले धरली तर एक खुबा वर्षाला सुमारे ९ लाख वेळा अडीच पट भार सोसतो. साठ वर्षांत साडेपाच कोटी वेळा. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती झिजली की नीटशी भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नाहीत, म्हणून ती स्वतः दुखत नाही. दुखते ते भोवतालचे आवरण आणि खालचे हाड.

असा सांधा बदलण्याची कल्पना यशस्वी झाली ती एका कुरकुर आवाजामुळे, ही हकिगत तुम्हांला आवडेल. इंग्लंडमधील अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली ह्यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याच्या मांडीच्या हाडावर अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचा गोळा बसवलेला होता. तो वाकला की खुबा कुरकुरे, इतका की त्याची बायको खोलीतून उठून जाई. आवाज आहे म्हणजे घर्षण आहे, असे चार्नलींनी ताडले आणि कमी घर्षणाचा सांधा शोधायला सुरुवात केली. प्रथम टेफ्लॉनची वाटी केली. घर्षण कमी झाले, पण दोन-तीन वर्षांतच वाटी झिजून तिचा भुगा भोवतालच्या मांसाला त्रास देऊ लागला. सुमारे तीनशे रुग्णांना असा सांधा बसवून झाला होता. दोष खरेच भुग्याचा आहे का, हे पाहण्यासाठी चार्नलींनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला.

पुढे त्यांच्या कार्यशाळेतील तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन ह्यांच्याकडे एक विक्रेता पॉलिएथिलीनचा नमुना घेऊन आला. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिले आणि ह्याच्यात वेळ घालवू नका म्हणून सांगितले. क्रेव्हननी तरीही तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात झिजे त्याहून हा तीन आठवड्यांत कमी झिजला! ह्याचे घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त, पण झीज फार कमी. घर्षण आणि झीज ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राहिलेले घर्षण चार्नलींनी भूमितीने आवरले. नैसर्गिक गोळ्याचा व्यास ४५ ते ५० मिलिमीटर, त्यांनी घेतला सुमारे २२. घर्षणाची भुजा म्हणजे गोळ्याची त्रिज्या, ती निम्म्यावर आली की वाटीला फिरवणारे परिबलही निम्म्यावर. नोव्हेंबर १९६२ मध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात पॉलिएथिलीनची वाटी प्रथम बसवली गेली. आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत होणारी खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया त्याच वंशातली आहे.

काही गोष्टींत मात्र उशी आणि काठी ह्यांवर विसंबू नये. स्थिती बदलली की कमी-जास्त होणारे दुखणे बहुतेक यांत्रिक असते. कसेही झोपले तरी सारखेच राहणारे, ताप किंवा वजनात घट घेऊन येणारे दुखणे वेगळे, तिथे डॉक्टरांकडे लवकर जावे. आणि म्हातारे माणूस पडल्यावर त्याला पायावर उभे राहता येत नसेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर चोळू नये, ओढू नये, हाड मोडले आहे असे धरून आडवेच रुग्णालयात न्यावे. अशा पडण्याच्या बऱ्याच घटना घरातच होतात. म्हणून तो अडखळण्याचा आठ पटींचा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. अंथरुणापासून मोरीपर्यंतची वाट रात्री उजेडात असावी आणि वाटेत पायपुसणे, बादली नसावी. आमच्याकडे आता तिथे रात्रभर एक छोटा दिवा जळतो.

आईची उशी बाजारात मिळाली नाही, हव्या त्या लांबीची नव्हतीच. तिनेच जुन्या लुगड्यांच्या चिंध्या भरून हातभर लांब शिवली. पहिल्या आठवड्यात तिला ती पायात नकोशी होई, ती झोपेत ढकलून देई. मग मधोमध सैल नाडी लावली आणि ती मांडीला बांधू लागली. तीन महिने झाले. आता बहुतेक रात्री एकदाच जाग येते, तीही म्हणे वयाची. काठी डाव्या हातात गेली खरी, पण कोणी पाहुणे आले की ती सवयीने उजव्या हातात परत येते. परवा आठवडी बाजारातून येताना मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, उजव्याच हातात आहे की. तूच तर गणित मांडलंस."